बाराचा पाढा

कारखान्यात चॉकलेटं कागदात गुंडाळताना पोरांनी मोठ्यानं पाढे म्हणायचे, हा शेठचा नियम. पाढे म्हणणाऱ्या तोंडाला चॉकलेट चघळता येत नाही.

तपासणीचे साहेब आले तेव्हा शेठनं दाराला बाहेरून कडी घातली. शेवंता अंगण झाडत होती. आतून तिच्या लेकीचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता, "बारा सक बहात्तर!"

"गरिबांच्या पोरांची शिकवणी, साहेब. फुकट," शेठ म्हणाला.

साहेबांनी शेवंताला विचारलं, "तुमचीही मुलगी आहे आत?"

तिनं मान डोलावली. शेठ तिच्याकडेच बघत होता. ती खाली वाकून पुन्हा झाडू लागली.

"शाब्बास!" साहेब दाराकडे बघत ओरडले आणि जीपमध्ये बसले.

संध्याकाळी घरी जाताना लेकीनं विचारलं, "आये, शाब्बास कोण म्हणालं? शाळेतले गुरुजी मला न्यायला आले होते का गं?"