दादाची क्रेन

क्रेन उलटून दादा गेला, आणि कंपनीने हात झटकले. “चूक चालकाचीच,” साहेब म्हणाले. धाकटी बहीण प्लास्टिकचे ठोकळे जोडून हुबेहूब चालणारी यंत्रं घडवायची. दादाची चूक नव्हती हे चौकशीत दाखवायला तिने तीच क्रेन मापात उभारली: दातेरी चाकं, दोर, लांब होणारा हात. ओझं टांगलं; क्रेन हलली नाही. दुप्पट टांगलं, तरी नाही. मग तिने हात पूर्ण लांबवला, तशी क्रेन धाडकन आडवी झाली. पुन्हा उभारली, पुन्हा तेच. तो हात लांबवणं फक्त दादाच्या हाती होतं. “काय कळलं गं?” वहिनीने दारातून विचारलं. बहीण ठोकळे सुटे करू लागली. वहिनीने तिचं मनगट धरलं. “मोडू नकोस. त्या दिवशी मीच फोनवर ह्यांच्यामागे घाई लावली होती. उद्या खरं तेच सांग. माझ्या फोनचंही सांग.”