डावा गाल

लोणारच्या स्टुडिओतला कॅमेरा वायरने कॉम्प्युटरला जोडलेला होता. फोटो काढला की लगेच पडद्यावर भलामोठा दिसायचा, आणि पडद्यासमोर सासूबाई बसल्या होत्या. माझ्या तान्ह्या मुक्ताच्या डाव्या गालावर जन्मापासून तांबडा डाग आहे. तो झाकायला त्यांनी घरूनच रुपयाएवढी तीट लावून आणली होती.

"डाग अजून दिसून राह्यला. तीट मोठी कर वं. पोरीची जात हाय."

ओल्या रुमालाने मी तीटच पुसून टाकली.

"काऊन पुसली? नजर लागन तिले."

"लागू द्या, आत्याबाई."

फोटोवाला हळूच म्हणाला, "वहिनी, वायर काढून टाकू का? मंग त्याईले काही दिसनार नाही."

"राहू द्या. त्यांना मोठंच दिसू द्या."

मी मुक्ताला मांडीवर घेतलं आणि आम्हा दोघींचे डावे गाल कॅमेऱ्याकडे वळवले. पडद्यावर एकासारखे एक दोन डाग उमटले.

माझ्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये हा गाल कुठेच नाही.