पहिल्याच फेरीला

"आत्ताच वाढवू नकोस. आप्पा पानं टाकून देतील," नवरा मुक्ताच्या कानात पुटपुटला.

तिच्या हातात तीन राण्या होत्या. तीन पत्तीचा शेवटचा डाव. सासऱ्यांपेक्षा जास्त चिंचोके जमले, तरच यंदा भाऊबीजेला माहेर. नाहीतर नेहमीसारखा नणंदेसाठी स्वयंपाक.

पण दर दिवाळीला तिने नीट पाहिलं होतं. सुनेने चाल वाढवली की सासरे हट्टाला पेटत, पानं कशीही असोत. तिने पहिल्याच फेरीला चाल दुप्पट केली.

"सूनबाई, जपून हं!" आप्पांनी हसत तेवढेच चिंचोके सरकवले. ती वाढवत गेली, ते भरत गेले. त्यांची वाटी रिकामी झाली, तेव्हा कुठे पानं उघडली.

राण्या बघून आप्पा म्हणाले, "आणि हरली असतीस तर?"

"तरी गेलेच असते. दादाला कालच कळवलंय."