चौथी फेरी

आमच्या ह्यांना कुलूप ओढून बघायचं वेड. कुठेही निघालो की तीन मजले उतरायचे, परत चढायचे, कुलूप ओढायचे. असं चार वेळा. बावीस वर्षं मी खाली पिशवी धरून ताटकळले, तोंडाचा पट्टा चालू ठेवून.

डॉक्टर म्हणाले, "हा मंत्रचळ आहे. गोळ्या चालू राहू देत, जोडीला एक प्रयोग करून बघू. रोज सकाळी अर्धा तास या लख्ख दिव्यासमोर बसायचं."

हे बसले. दिव्याने काय होणार कपाळ, असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी एकदा ह्यांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि शीळ घालत तडक खाली उतरले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि माझे पाय अडखळले.

"अहो, कुलूप नीट लागलंय ना?"

"लागलंय की."

"ओढून बघितलंत?"

"कशाला?"

मी मागे फिरले. तीन मजले चढून कुलूप ओढलं. लागलेलं होतं. खाली आले, परत चढले. तिसरी फेरी मारून उतरले तेव्हा हे पिशवी धरून उभे, अगदी माझ्याच जागी.

"हसताय काय?" मी धापा टाकत ओरडले. "इतकी वर्षं तुम्ही चारदा बघत होतात, म्हणून मला एकदाही बघावं लागलं नाही!"

"उद्यापासून दिव्यासमोर मी जरा सरकून बसतो," हे म्हणाले. "आधी चौथी फेरी मारून ये. मी थांबतो."