नर्सरी झाली, आता पऱ्हे

मुखरूच्या हातात मोबाइल आणि कानात ट्रॅक्टरचा धडधडाट. धानाच्या बांधीत चिखलणी चालली होती आणि फोनवरचा माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता, "नर्सिंग की पॅरा? एकच सांगा."

कालच कृषी खात्याच्या साहेबाचा फोन येऊन गेला होता, धानाची रोवणी कुठवर आली म्हणून. मुखरूला वाटलं, हा त्याचाच भाऊबंद. रोपं तयार करायची ती नर्सरी आणि रोपं म्हणजे पऱ्हे, एवढं तर शेंबड्या पोरालाही माहीत. तो ओरडला, "नर्सरी झाली जी साहेब! आता पऱ्हेच! पऱ्हेच चालू हाय!"

"पॅरा नक्की?"

"नक्की नाई तं काय!"

रोवणाऱ्या बायांना पऱ्ह्यांच्या पेंढ्या पोचवून त्याची मुलगी आचल बांधीच्या काठाला, धुऱ्यावर आली, तेव्हा मोबाइलवर मेसेज येऊन पडला होता. पॅरामेडिकच्या शिक्षणासाठी तिची जागा पक्की झाल्याचं चंद्रपूरची संस्था कळवत होती. बदल करायचा तर आज संध्याकाळच्या आत.

"बाबा, कोणाचा फोन आलता?"

मुखरूनं सांगितलं. आधी ऐटीत, मग तिचा चेहरा पाहून अडखळत. बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कुंताकाकू तर हसता हसता चिखलात बसलीच. "अवो माय, बापानं पोरीले धानावानी रोवून टाकलं!"

आचलला हसूही आलं आणि रडूही. दोन्हीकडे नंबर लागल्यापासून महिनाभर तिचं डोकं भणभणत होतं. पॅरामेडिक झालं तर ॲम्ब्युलन्समध्ये बसून माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत न्यायचा. नर्स झालं तर तोच माणूस चालता करून घरी पाठवायचा. सोडायचं कोणतं? रात्री एक ठरवावं, तर सकाळी चूल पेटेपर्यंत दुसरं खरं वाटायचं. इकडे आड तिकडे विहीर म्हणावं, तर दोन्हीकडचं पाणी गोड. आता निकाल आयता हातात पडला होता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण आपलं काहीतरी आपल्यादेखत उचलून नेल्यासारखं वाटत होतं.

"लाव फोन," मुखरू ओशाळून म्हणाला. "सांग, बाप बहिरा हाय म्हून."

"आन काय पायजे म्हणू?"

"तुले जे पायजे ते."

"तेच तं समजून नाई राह्यलं, बाबा!"

झालं, सगळ्यांनाच कंठ फुटला.

"नर्सच हो. गावात सुई टोचाले आमच्याच कामी येशीन," कुंताकाकू म्हणाली.

"काऊन? गाडीतलं बरं," ट्रॅक्टरवरून सुरेंद्र ओरडला. "भोंगा वाजला का आमदार बी बाजूले होते!"

"मी म्हणतो, तोंडून निंगालं तं पऱ्हेच राहू दे," मुखरूनंही आपलं घोडं दामटलं.

आचलची आई, गुणाबाई, एवढा वेळ खाली मान घालून रोवत होती. ती उठली.

"सुरेंद्रभाऊ, बंद करा ते टॅक्टर." मग नवऱ्याकडे वळून, "आन अजी, तुमी बी चूप रहा." तिच्या हातातले पऱ्हे तसेच होते. "मले उभ्या जिंदगीत कोणी इचारलं नाई, तुले काय पायजे म्हून. हिले इचारून राह्यले, तं तिले बोलू द्या."

ट्रॅक्टर थांबला. आचलनं चिखलाचे हात ओढणीला पुसले आणि नंबर लावला. अजूनही तिचं काहीच ठरलं नव्हतं.

"बोला," पलीकडून आवाज आला. तिनं नाव सांगितलं. "पण मघाशी तुमच्या वडिलांनी सांगितलं ना?"

"सांगतलं," आचल म्हणाली. "आता मी बोलून राह्यली."