पाण्यात पाहणारी सासू

“आई, बोट काढ आधी त्यातून!” लेक दारातूनच ओरडला.

म्हातारीनं बोट काढलं. पण पुसलं नाही, जिभेवर टेकवलं. डोळे मिटले आणि तोंड वाकडं केलं.

“खारट आहे.”

“समुद्राचं पाणी आहे ते. गोड लागणार आहे का?”

“अरे शहाण्या, खारट म्हणजे हवं त्याहून खारट.”

दहा दिवस तापानं तिच्या तोंडाची चव गेली होती. आज सकाळी चहा चहासारखा लागला, तशी ती उठली, साबण न लावता नुसत्या पाण्यानं हात धुतले आणि तडक बाहेरच्या खोलीत आली. तिथे भिंतीला लागून सुनेची काचेची टाकी होती. आतलं सगळं प्रवाळ मिटलेलं होतं. जांभळं, हिरवं, सगळं आवळलेल्या मुठीसारखं. नारिंगी मासा दगडाच्या कपारीत अंग चोरून बसला होता. सून बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली, यायला अजून आठवडा होता.

टाकी म्हणजे सुनेचा जीव. सात वर्षांपूर्वी तिनं दगडावर दगड रचला, तेच काम चार दिवस चाललं होतं. ढासळायला नको, आणि लाट मात्र प्रत्येक फटीतून खेळायला हवी. मग दीड महिना आत नुसतं पाणी आणि दगड. “रिकाम्या टाकीपुढे दिवा लावून बसलीय,” म्हातारी शेजारणीला म्हणाली होती. “आई, आधी पाणी जिवंत व्हावं लागतं,” सून हसून म्हणाली आणि बसून राहिली. मग तिनं नखाएवढे प्रवाळाचे तुकडे आणून दगडाला चिकटवले. नखांचे तळहात झाले. हे फूल नाही, झाड नाही, जनावर आहे, हे ती आल्यागेल्याला न कंटाळता सांगायची. स्वतः तापानं फणफणली तरी काच घासल्याशिवाय आडवी व्हायची नाही.

म्हातारी चारचौघांत टाकीला खारं डबकं म्हणे. “एवढी अक्कल, पण वरच्या जाळीचा डावा कोपरा काही झाकता आला नाही बाईला! एक दिवस मासा उडी मारून माझ्या ताटात येईल.” हिच्या जिभेला हाड नाही, ही सुनेला पाण्यात पाहते, असं सगळी इमारत म्हणायची.

लेकानं खारटपणा मोजायची नळी डोळ्याला लावली. “बघ, आकडा बरोबर आहे.”

“तुझ्या नळीला जीभ आहे का? रोज ओततोस काय, ते सांग.”

लेकानं बायकोची चिठ्ठी दाखवली. दिव्याच्या उबेनं टाकीतलं पाणी उडतं, म्हणून तिनं लिहिलं होतं, ‘रोज खुणेपर्यंत पाणी घालणे.’ मग त्यानं बाल्कनीतल्या दोन पिंपांपैकी एकाकडे बोट केलं. “यातलं घालतो. तिनं मीठ कालवून ठेवलेलं.”

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. “अरे, याला ती कधी पाणी म्हणते का? याला ती समुद्र म्हणते! ‘आई, आज समुद्र कालवायचाय, बादली द्या,’ असं रोजचं बोलणं तिचं. पाणी म्हणजे हे शेजारचं. साधं.”

“समुद्राच्या टाकीत साधं पाणी? मासे मरतील ना!”

“पाणी उडतं रे, मीठ उडतं का? पातेलं आटलं की वरून परत मीठ घालतोस? बारा दिवस तू मिठावर मीठ ओतलंस.”

लेकाचा चेहरा उतरला. त्यानं बायकोला फोन लावला आणि आईला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. सगळं सांगून शेवटी हळूच म्हणाला, “पण नळीत आकडा बरोबर दिसतोय.”

“नळी आधी साध्या पाण्याच्या थेंबानं शून्यावर आणलीस?”

“आणायची असते?”

“ठेव ती बाजूला. आई काय म्हणतात?”

“खारट म्हणते.”

“मग खारटच आहे.” लगेच तिनं विचारलं, “आई, कुठे पांढरं पडलंय का?”

“नाही गं. नुसतं मिटलंय. रुसल्यासारखं.”

फोनमधून लांब सुस्कारा आला. “मग वाचेल. थोडं टाकीतलं काढायचं, तेवढंच साधं घालायचं. एकदम नाही, तीन दिवस लावा. आणि आई, थांबायचं कधी ते तुम्हीच सांगा.”

तीन दिवस लेक तांब्या-तांब्यानं पाणी बदलत राहिला. म्हातारी खुर्ची टाकून समोर बसली. दर खेपेला बोट बुडवी, चाटी आणि मान हलवी. तिसऱ्या संध्याकाळी म्हणाली, “बस.”

सकाळी जांभळ्या प्रवाळानं एकेक बोट बाहेर काढलं होतं. दुपारपर्यंत सगळी टाकी उमलली. नारिंगी मासा मालकासारखा फेऱ्या मारू लागला. लेकानं फोन काचेसमोर धरून बायकोला सगळं दाखवलं. मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला.

“पण आई, मुळात बरोबर चव कशी असते, हे तुला कसं ठाऊक?”

म्हातारीनं नजर काचेकडे वळवली. ती पदराशी चाळा करत राहिली.

“त्यांना काय विचारतोस?” फोनमधून सून म्हणाली. “सात वर्षं रोज सकाळी काचेवरचा त्यांच्या बोटाचा मिठाचा ओघळ मीच पुसते. उगाच का डावा कोपरा उघडा ठेवलाय?”