एवढी फाइल जाऊ दे

अग्नी देण्याआधी छातीतलं हृदयाचं यंत्र काढावं लागतं, म्हणून दवाखान्यातून रझिया आली होती. पद्माकररावांच्या छातीवर निळा दिवा लुकलुकताना बघून ती थबकली.

“काकू, कोणीतरी फाइल उतरवून घेतंय.”

फाइल होती अशा यंत्रांच्या दुरुस्तीच्या मराठी पुस्तिकेची; ती पद्माकररावांनीच लिहून सगळ्यांना खुली केली होती. ती ठेवलेला सर्व्हर बंद पडला, तेव्हा तिची पानं रुग्णांच्याच छातीतल्या यंत्रांत वाटून ठेवायची कल्पनाही त्यांचीच.

“दुसऱ्या कुणाकडून घेता येणार नाही?” मालतीबाईंनी विचारलं.

“शेवटचं प्रकरण आता फक्त काकांकडेच उरलंय. तिकडे सिरोंच्यात कुणाचं तरी यंत्र अडखळतंय. अर्धा तास लागेल.”

“वहिनी, तिरडी बांधून झालीय,” दीर दारातून म्हणाले.

“थांबा जरा.”

मालतीबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या. रोज जेवायला हाक मारली की ते म्हणायचे, “एवढी फाइल जाऊ दे.” ताट निवायचं आणि त्या चिडायच्या. आज त्या मुकाट्याने बसून राहिल्या.

दिवा विझला.

“गेली का हो?” त्यांनी सवयीने विचारलं.

“गेली, काकू,” रझिया म्हणाली. दुसऱ्याच आवाजात आलेलं ते उत्तर ऐकून मालतीबाईंना रडू फुटलं.